केसभर लांब

थोरलीच्या कानाची गावात ख्याती होती, आणि त्या ख्यातीची निगा राखायला थोरली स्वतः समर्थ होती. दुकानात कुणी व्हायोलिन घेऊन आलं आणि कुठे काय बिघडलंय ते बोटाने दाखवायला लागलं, की ही त्याला तिथेच थांबवायची. "दाखवू नका. वाजवा." मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. गिऱ्हाईक बिचारं अवघडून चार सूर काढायचं. थोरली भिंतीकडे बघतच सांगायची, "डावीकडे, हनुवटी टेकता त्याच्या खाली सरस सुटलाय. दोन बोटं." आणि नेमका तिथेच, दोन बोटं, सरस सुटलेला असायचा. फोनवरूनसुद्धा जमायचं तिला. लांबच्या गावचे वादक फोन वाद्यापाशी धरून वाजवायचे आणि ही इकडे चहा ढवळत निदान करायची. नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं, एवढं नाटक कशाला, असं तिचे वडील अप्पा अधूनमधून पुटपुटायचे. पण अप्पांचे हात थरथरायला लागून दहा वर्षं झाली होती आणि वाद्यदुरुस्तीचं हे दुकान आता तीच चालवत होती. तेव्हा पुटपुटण्यापलीकडे त्यांचं काही चालत नसे.

दुकान खाली, घर वर, मधे लाकडी जिना. दुकानात एक लांब बाक, बाकावर पटाश्या, रंधे आणि सरसाचं भांडं, भिंतीवर टांगलेली पोटं उघडी पडलेली वाद्यं. गावची हवा बारा महिने दमट. चादरी वाळता वाळत नाहीत आणि खिडक्या फुगून बसतात. लाकडाचं काम करणाऱ्याला अशी हवा म्हणजे घरातल्या खाष्ट माणसासारखी, सतत तिचा मूड सांभाळावा लागतो. थोरलीला तो सांभाळता यायचा. तिशीत तिच्याइतका पक्का कारागीर त्या भागात दुसरा नव्हता.

मग तिच्या पोटात कशाने दुखत होतं? धाकटीने.

धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. दोघी एकाच मास्तरांकडे व्हायोलिन शिकल्या. धाकटी दहा वर्षांची असताना मास्तर एकदा दोघींसमोर आईला म्हणाले, "थोरलीला कान आहे, धाकटीला हात आहे." आईला कोण आनंद झाला. दोन्ही मुली गुणी निघाल्या म्हणून तिने ते वाक्य सगळ्या नातेवाइकांत वाटलं. थोरलीलाही पहिले दोन दिवस ते कौतुकच वाटलं. तिसऱ्या दिवशी सराव करताना तिच्या लक्षात आलं की कानाला कुणी टाळ्या वाजवत नाही. कान असणं म्हणजे दुसरी आपल्यापेक्षा किती चांगलं वाजवते, हे इतरांच्या आधी आपल्याला कळणं. तेवढीच त्या देणगीची किंमत.

घरात आणखी एक गोष्ट सांगितली जायची. थोरलीलासुद्धा परदेशात, विद्यापीठात जाऊन संगीत शिकता आलं असतं, पण नेमके अप्पांचे हात गेले, आणि पोरीने घरासाठी स्वतःचं मन मारलं. आई ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची आणि सांगताना पदराचं टोक डोळ्यांना लावायची. थोरली अशा वेळी खाली मान घालून बसायची. सगळ्यांना वाटे, किती नम्र आहे. खरी गोष्ट अशी होती की थोरलीने तेव्हा गुपचूप अर्ज केला होता, वादनाची ध्वनिफीत पाठवली होती, आणि तीन ओळींचं नकाराचं पत्र आलं होतं. ते पत्र तिने दुकानातल्या सरसाच्या शेगडीत घातलं. महिन्याभराने अप्पांच्या हाताचं निघालं आणि तिला घरी राहण्याचं आयतं कारण मिळालं. हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि त्याच विद्यापीठाचं पत्र दहा वर्षांनी धाकटीला आलं. या वेळी तीन ओळींचं नव्हतं, चांगलं चार पानांचं होतं.

पुढचे दोन महिने थोरलीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. वर आई बॅगा भरत होती, पुन्हा उपसत होती, पुन्हा भरत होती. शेजारीपाजारी जिन्यातून ये-जा करत होते आणि जाता जाता दुकानात डोकावून "तुला किती अभिमान वाटत असेल" असं म्हणत होते. "वाटतो ना," ती म्हणायची आणि रंधा जरा जोरात मारायची. अप्पा तर हवेतच होते. ज्या माणसाने थोरलीच्या कामाला दहा वर्षांत "बरं झालंय" याच्या वर शब्द खर्चला नव्हता, तो माणूस गल्लीतल्या औषधवाल्याला धरून धाकटीच्या गजाचं वर्णन करत होता. जळून खाक होणं म्हणतात ते काय असतं, हे थोरलीला बसल्या जागी कळत होतं. त्यातून धाकटी गोड. ती येऊन गळ्यात पडायची आणि म्हणायची, "ताई, तू राहिलीस म्हणून मला जायला मिळतंय." अशा पोरीचा धड रागही करता येईना.

निघायच्या आठवड्यात अप्पा व्हायोलिन घेऊन खाली आले. "हिचं वाद्य नीट लावून दे. पोस्ट नवा घाल. आणि लक्षात ठेव, केसभर आखूड."

हा पोस्ट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. व्हायोलिनच्या पोटात, वरची पाटी आणि खालची पाटी यांच्या मधे, बोटाएवढी एक लाकडी दांडी उभी असते. तिला ना सरस लावलेला, ना खिळा मारलेला. दोन पाट्यांच्या दाबावर ती नुसती उभी असते, आणि तारांचा आवाज तिच्यातून खाली उतरतो. ती दांडी बेताची असेल तर वाद्य मोकळं बोलतं. थोडी जास्त लांब झाली तर वाद्याचा गळा आवळल्यासारखा होतो. आता दमट हवेत लाकूड फुगतं, पाट्या लांब सरकतात. कोरड्या हवेत आक्रसतं, पाट्या जवळ येतात. म्हणून दमट गावातून कोरड्या मुलखात जाणाऱ्या वाद्याचा पोस्ट केसभर आखूड कापायचा, हा अप्पांच्या दुकानाचा नियम. तिकडच्या थंडीत खोल्या तापवतात आणि हवा पापडासारखी कोरडी होते, हे धाकटीने स्वतःच वाचून दाखवलं होतं.

थोरलीने आधी आखूडच कापला. देवदाराची काडी, पातळ धारेची सुरी, दोन्ही टोकं तिरपी. वाकड्या सळईने तो व्हायोलिनच्या फटीतून आत उभा केला आणि वाजवून पाहिलं. आवाज जरा सैल, जरा पोकळ आला. येणारच, हवा इथली होती. मग तिने, का कोण जाणे, दुसरी काडी घेतली आणि केसभर लांब कापली. तो पोस्ट बसला आणि वाद्य असं काही खणखणीत बोललं की अप्पा वरून म्हणाले, "वा." दोन दिवसांनी वाचनालयाच्या सभागृहात धाकटीचा निरोपाचा कार्यक्रम होता. कार्यक्रमात चांगलं वाजायला नको का, असं थोरली स्वतःशी म्हणाली. कार्यक्रम झाला की बदलू.

कार्यक्रम झाला. लोक उभे राहिले. निघायला मधे पूर्ण एक दिवस होता आणि पोस्ट बदलायला अर्धा तास पुरतो. थोरलीने तो दिवस एका जुन्या गजाचे केस विंचरण्यात घालवला. आखूड पोस्ट गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून खणात टाकला. धाकटी विमानतळाकडे निघाली तेव्हा खिडकीतून हात हलवत म्हणाली, "ताई, वाद्य काय लावलंयस. हातात घेतलं की तूच सोबत आहेस असं वाटतं." गाडी वळेपर्यंत थोरली हात हलवत राहिली.

दर रविवारी दुपारी फोन यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि घर भरून धाकटीचा चेहरा यायचा. विद्यापीठाची इमारत, सरावाच्या खोल्यांची ओळ, प्रत्येक खोलीच्या दाराला लहानशी काच. सकाळी सहाला रांग लावली तर खोली मिळते. वाद्यवृंदात तिला तिसऱ्या ओळीत बसवलंय. शिकवणाऱ्या बाई फार कडक आहेत, सहा जणींत दोघीच टिकतील असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या. आई "जेवतेस ना" विचारायची, अप्पा "गज कसा धरायला सांगतात" विचारायचे. थोरली मागे उभी राहून त्या दारांच्या लहान काचांकडे बघायची. दहा वर्षांपूर्वी त्याच इमारतीचं चित्र तिने मासिकातून कापून वहीत ठेवलं होतं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्याशी वाद्याचं बोलायचंय." थोरली फोन घेऊन खाली दुकानात आली. धाकटीने चार सूर वाजवले. कुणी काही म्हणायच्या आधीच थोरलीला कळलं. आवाज बारीक झाला होता, वरच्या तारेवर चिरका, खालच्या तारेवर घुसमटलेला. हवा कोरडी झाली होती आणि केसभर लांब दांडी आपलं काम करत होती.

"बाई म्हणतात, माझा आवाज आवळलेला आहे," धाकटी म्हणाली. "तुला काय वाटतं?"

थोरलीला काय वाटलं ते लिहायला हवं, उगाच झाकून काय उपयोग. तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

"खांदा आवळतेस तू," ती म्हणाली. "लहानपणापासूनची खोड आहे. सराव वाढव."

पुढच्या रविवारी ती म्हणाली, गज फार दाबतेस. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, मनावर ताण घेतलास की हातात उतरतो, तुझं तसंच आहे. दर वेळी धाकटी वाजवून दाखवायची, दर वेळी थोरली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायची, आणि दर वेळी तोच आवळलेला आवाज तिला स्वच्छ ऐकू यायचा. आठवड्यागणिक जरा जास्तच. "सुधारलंय का गं ताई?" धाकटी विचारायची. "अजून नाही," थोरली खरं तेच सांगायची. खोटं ती बोलतच नव्हती, असा तिचा स्वतःशी हिशेब होता.

वर आईच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरगी उतरलीय. परीक्षेत टिकली नाही तर परत पाठवतात म्हणे." अप्पा जेवताना घास हातात धरून थांबायचे. एकदा त्यांनी विचारलं, "पोस्ट आखूड घातला होतास ना?" थोरलीने भाकरी मोडता मोडता "हो" म्हटलं. ते मात्र खोटं होतं. त्या दुपारी तिने खण उघडला, डबी उघडली, आतली काडी बघितली आणि डबी बंद केली. दुसऱ्या दिवशीही तेच. सांगायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. विद्यापीठात वाद्यं दुरुस्त करणारं माणूस असणारच, अर्ध्या तासात पोस्ट बदलून दिला असता. ते एक वाक्य तिच्या घशाशी यायचं आणि मग तिला दारांच्या त्या लहान काचा आठवायच्या. तिला नाही मिळाल्या, तर हिला तरी का?

परीक्षेआधीचा रविवार आला. थोरलीने फोन खाली आणला. धाकटी गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसली होती, डोळ्यांखाली काळं. तिने वाजवलं. थोरलीने भिंतीकडे बघत ऐकलं.

"कसं वाटलं?"

"तसंच आहे."

धाकटीने गज खाली ठेवला. मग म्हणाली, "मंगळवारी परीक्षा आहे. नाही जमलं तर मी येते परत, ताई. दुकानात मला बसव तुझ्या शेजारी. अप्पांनी मला कधी पटाशीला हात लावू दिला नाही, आता शिकवतील. मी आणि तू मिळून चालवू."

यावर दुसऱ्या कुणाला माया दाटून आली असती. थोरलीला मात्र समोर दिसलं, बाकाशेजारी दुसरी खुर्ची, त्या खुर्चीत धाकटी, आणि अप्पा थरथरत्या हातांनी तिचा हात धरून पटाशी शिकवताहेत. गिऱ्हाइकं तिच्याच बाजूला उभी राहणार. वर्षाभरात तिचं कामही सुंदर व्हायला लागणार, कारण हात तिला होता. एवढं एक दुकान थोरलीचं स्वतःचं होतं. तेही जाणार.

"पोस्ट लांब आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या वाद्यातला पोस्ट. केसभर लांब कापलाय मी. आखूड कापलेला इथे खणात पडलाय. चुकून झालेलं नाही. तिकडे हवा कोरडी झाली की आवाज आवळणार, हे मला माहीत होतं. तुझ्या खांद्याला काही झालेलं नाही, गजालाही नाही. उद्याच्या उद्या बदलून घे."

म्हणून झालं. इतक्या आठवड्यांचं वाक्य दहा सेकंदांत संपलं. थोरली शिव्या खायला तयार होऊन बसली.

धाकटी उठून पडद्याबाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काडेपेटी होती. ती उघडून तिने फोनसमोर धरली. आत बोटाएवढी देवदाराची दांडी होती, दोन्ही टोकं तिरपी. आपलं काम माणूस कुठेही ओळखतं.

"विद्यापीठात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आजी आहेत," धाकटी म्हणाली. "तुला पहिल्यांदा आवाज ऐकवला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी हा काढला आणि भिंगाखाली धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, कापणाऱ्याचा हात फार चांगला आहे. मग म्हणाल्या, इतका चांगला हात असलेलं माणूस लांबीत चुकत नाही. मला आधी कळलं नाही त्या काय म्हणताहेत ते. चालत खोलीवर येईपर्यंत कळलं."

"दुसऱ्याच दिवशी," थोरली म्हणाली.

"हो. सहा आठवडे झाले. बाईंनी मला पहिल्या ओळीत घेतलंय. परीक्षेची मला भीती नाही."

"मग दर रविवारी रडत काय होतीस? परत येते काय, दुकानात बसव काय. आई जेवत नाहीये इकडे."

"आईला मी सांगेन, सगळं ठीक आहे म्हणून. आईशी वाईट वागले, ते मला कळतंय." धाकटीचा आवाज चढला नव्हता, तेच थोरलीला जड जात होतं. "आधी मला बघायचं होतं, तू आपणहून सांगतेस का. मग दोन रविवारांनी ते राहिलंच बाजूला. मी वाजवायचे आणि वाट बघायचे, की आता ताई म्हणेल, अगं, आवाज सुटला की. तुला काय, फोनवरून सरस सुटलेला कळतो. पोस्ट बदललेला कळणार नाही का? नवा पोस्ट घालून मी तुझ्यासमोर सहा वेळा वाजवलं, ताई. सहाही वेळा तू म्हणालीस, तसंच आहे."

"मला तसंच ऐकू आलं," थोरली म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. शप्पथ."

धाकटीने तिच्याकडे बघितलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. रागावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कीव आली की समोरच्याने कुठे बघावं ते कळत नाही. थोरली सरसाच्या भांड्याकडे बघत बसली.

"वाजव पुन्हा," ती म्हणाली.

या वेळी तिने खुर्ची फिरवली नाही. धाकटीच्या हाताकडे, गजाकडे, बोटांकडे बघत ऐकलं. आवाज मोकळा होता, भरलेला होता. की तसा असल्याचं आता सांगितल्यामुळे तो तसा वाटत होता? तिला ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ठरवता येईना.

मंगळवारी धाकटी पास झाली, चांगली पहिल्या दोघींत आली. आईने गल्लीभर सांगितलं. थोरलीची जळजळ गेली का? कुठली जायला. बातमी ऐकून पहिला चटका बसायचा तो बसलाच. धाकटीने अप्पांना काही सांगितलं नाही, आणि तेही उपकारच झाले, म्हणजे आणखी एक काटा.

बुधवारी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. शाळेत संगीत शिकवणारे गृहस्थ, जुने, थोरलीची रीत ठाऊक असलेले. त्यांनी व्हायोलिन काढलं, कुठे काय झालंय ते दाखवायच्या भानगडीत न पडता हनुवटीखाली धरलं आणि तिने खुर्ची फिरवायची वाट बघत थांबले. थोरलीने खुर्ची फिरवली. चार सूर झाले. ती भिंतीकडे बघत राहिली.

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा वाजवलं. मग गज खाली करून ते तिच्या पाठीकडे बघायला लागले.

थोरली उठली आणि जिन्याच्या खाली जाऊन उभी राहिली.

"अप्पा," तिने वर हाक मारली. "जरा खाली येता का? तुम्ही ऐका."